वहीत नसलेलं वाक्य

"ही तुझी," एस्तेर मॅडम म्हणाल्या आणि माझ्या खांद्याला धरून त्यांनी मला भिंतीला टेकून बसलेल्या एका बाईसमोर उभं केलं. "चार आठवडे रोज अर्धा तास हिच्याशी बोलायचं. घाबरू नकोस, ही कुणाला काही करत नाही."

ती बाई वाती वळत होती. मांडीवर कापूस, हाताला थोडी राख, आणि तळव्याखालून एकामागून एक निघणाऱ्या सारख्या लांबीच्या वाती. तिनं वर पाहिलंसुद्धा नाही.

"आणि ही बोललीच नाही तर, मॅडम?"

"तर बोलली नाही असं लिहायचं. गप्प बसणं हेही उत्तरच असतं, शालन. ते लिहायला शिकायचं, म्हणून तर इथं आणलंय तुम्हाला."

दाराशी किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभ्या असलेल्या हौसामावशींनी तोंडाला पदर लावला. "काय नशीब काढलंस गं पोरी," त्या मला म्हणाल्या. "नऊ वरसं झाली, ही भिताडाशीबी बोलली न्हाई."

नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते मी तेव्हा. आमच्या जिल्ह्याच्या गावापासून एसटीनं सहा तासांवर ते मनोरुग्णालय होतं. नाव सांगत नाही, कारण तिथल्या माणसांचा यात काही दोष नाही. जो आहे तो माझा आहे. चार आठवडे आम्ही अठ्ठावीस मुली तिथल्या होस्टेलात राहत होतो आणि प्रत्येकीला एक रुग्ण नेमून दिलेली होती. तिच्याशी रोज बोलायचं, बोलताना एक अक्षर लिहायचं नाही, आणि खोलीवर येऊन सगळं आठवून जसंच्या तसं वहीत उतरवायचं. पानाला तीन रकाने. पहिल्यात रुग्ण काय म्हणाली, दुसऱ्यात मी काय म्हणाले, तिसऱ्यात त्यावरून मला काय समजलं. याला प्रोसेस रेकॉर्डिंग म्हणतात. दर शनिवारी वही तपासायला द्यायची, आणि शेवटी त्यावर गुण. मानसोपचाराच्या प्रॅक्टिकलमध्ये पास व्हायचं की नापास, ते त्या वहीवर ठरायचं.

माझ्या बाईला वॉर्डात बुधाबाई म्हणत. ते तिचं नाव नव्हतं. पोलिसांना रस्त्यावर सापडलेल्या, नाव-गाव न सांगणाऱ्या बायका कोर्टाच्या हुकमानं तिथं यायच्या. ज्या वारी आली त्या वाराचं नाव तिला मिळायचं. ही बुधवारी आली म्हणून बुधाबाई. आमच्या वॉर्डात दोन सोमाबाया होत्या, त्यातली एक धाकटी सोमाबाई. माझी बुधाबाई असेल पंचेचाळिशीची, रंगानं सावळी, कपाळावर पुसट झालेलं गोंदण. फायलीवर गावाच्या रेघेपुढे 'माहीत नाही', नातेवाइकांच्या रेघेपुढे 'माहीत नाही' आणि भाषेच्या रेघेपुढेही तेच.

पहिले पाच दिवस मी तिच्याशी बोलले. हवापाण्याचं बोलले, जेवणाचं बोलले, वातींचं कौतुक केलं. पुस्तकात होते तेवढे सगळे प्रश्न विचारले. ती ऐकायची, एवढं नक्की. माझा आवाज थांबला की तिचा हातही जरा थांबायचा. पण तोंडातून हूं नाही की चूं नाही. बाकीच्या मुली खोलीवर येऊन पानंच्या पानं लिहायच्या. एकीची बाई स्वतःला राणी म्हणवायची, एकीची रडून-रडून नवऱ्याचं सांगायची. माझ्या वहीत पाच दिवसांच्या पाच तारखा आणि त्यांच्यापुढे एकच शब्द, 'मौन'.

शुक्रवारी संध्याकाळी मी ती पाच पानं टर्रकन फाडली.

मॅडम 'मौन' लिही म्हणाल्या होत्या. पण सहा तास एसटीनं येऊन कोऱ्या पानांना कुणी गुण देतं, यावर माझा विश्वास बसला नाही. शिवाय वर्गात माझा पहिला नंबर होता आणि तो मला फार प्यारा होता. मी सीनियर मुलींच्या जुन्या वह्यांतून उतरवलं नाही, याचा तर मला वर अभिमानच वाटला. मी आपलं स्वतःचं रचलं.

रचायचं म्हटलं की माणूस आपल्याच घरातला कापूस काढतो. माझी मावशी हिवरदऱ्याला दिलेली. बारा वर्षांची असताना सुट्टीत दोन दिवस मी तिथं गेले होते, तेव्हा गावच्या फाट्यावर एक मुलगी उभी दिसली होती. माझ्याहून दोनेक वर्षांनी लहान, पोलक्याची बटणं तुटलेली. येईल त्या एसटीच्या खिडक्यांतून बघायची आणि गाडी गेली की पुन्हा चिंचेखाली जाऊन बसायची. मावशी म्हणाली, "वेणू आहे ती. माय बाजाराला म्हणून गेली ती आलीच नाही. पोरगी रोज येऊन उभी राहते." मी मावशीला अजून काही विचारलं नाही. विसरूनही गेले होते. त्या शुक्रवारी पेन हातात घेतलं आणि तीच मुलगी समोर आली.

मी लिहिलं:

मी म्हणाले, "बुधाबाई, घरी कोण आहे तुमचं?"

रुग्ण म्हणाली, "माझी वेणू हाय."

मी म्हणाले, "कुठं असते वेणू?"

रुग्ण म्हणाली, "हिवरदऱ्याला. फाट्यावर उभी असंल."

मी म्हणाले, "तिला काही निरोप द्यायचाय?"

रुग्ण म्हणाली, "सांगा तिला, मी येते."

तिसऱ्या रकान्यात मी फार सुरेख समजून घेतलं होतं. आईपण, ओढ, अपराधीपणाची भावना, सगळं.

शनिवारी दुपारी एस्तेर मॅडमनी मला बोलावून घेतलं. त्यांच्या टेबलावर माझी वही उघडी होती आणि त्यांनी चष्मा काढून हातात धरला होता. कडक बाई, मुलींना दरदरून घाम फोडणारी. त्या दिवशी त्यांचे डोळे ओले होते.

"शालन, मी या वॉर्डाला स्टाफ सिस्टर असताना ही आली," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं रोज तिच्याजवळ बसले. मला नाही जमलं. तुला पाच दिवसांत जमलं."

"मॅडम, ते गाव..."

"गाव आहे ना असं कुठं? मी निमकर सरांना नकाशात बघायला सांगितलंय."

निमकर म्हणजे तिथले समाजसेवा अधिकारी. बिचारे हसतमुख, बगलेत सदा फायलींचा गठ्ठा. ते त्याच वेळी आत आले आणि दारातूनच म्हणाले, "आहे हो मॅडम, आहे! हिवरदरा, पोस्ट तेच. आजच पोलीस पाटलाच्या नावानं पत्र टाकतो."

मी तोंड उघडलं होतं. काय बोलणार होते तेही ठरलं होतं. मॅडमनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी सगळ्यांपुढे हे मांडायचं. वही न बघता. पाठ करून ठेव." आणि मी "हो मॅडम" म्हणाले.

झालं, मी पाठ करायला बसले. होस्टेलात गलका फार, म्हणून बुधाबाईजवळच बसायचे. ती वाती वळायची आणि मी वही मांडीवर घेऊन हळू आवाजात घोकायचे, दोघींची वाक्यं मीच. "घरी कोण आहे तुमचं? माझी वेणू हाय. कुठं असते वेणू? हिवरदऱ्याला. फाट्यावर उभी असंल." दिवसातून वीसदा, तीसदा. लहानपणी पाढे म्हणायचे तशी डुलत म्हणायचे. ती ऐकतेय हे मला दिसत होतं. माझा आवाज थांबला की तिचा हात थांबतो, हे मी स्वतःच पहिल्या आठवड्यात पाहिलं होतं. पण ती ऐकतेय म्हणजे काय, हा विचार काही माझ्या डोक्यात आला नाही. भिंतीशी बोलल्यासारखं चाललं होतं माझं.

गुरुवारपर्यंत माझा धीर सुटत आला. पत्र पोहोचणार, गावात चौकशी होणार, मावशीपर्यंत बातमी जाणार. जेवण जाईना. शेवटी ठरवलं की उद्या सकाळी मॅडमना सांगून टाकायचं, मग नापास करोत नाहीतर घरी पाठवोत. शुक्रवारी सकाळी वॉर्डात गेले ती हेच मनात घोळवत. बुधाबाईसमोर बसले आणि सवयीनं, खरं म्हणजे स्वतःशीच म्हणाले, "घरी कोण आहे तुमचं?"

"माझी वेणू हाय."

आवाज घोगरा होता, खूप दिवस बंद असलेलं दार उघडावं तसा. हौसामावशींच्या हातातल्या किल्ल्या खाली पडल्या.

"आगं बया," मावशी म्हणाल्या. "आगं माझे बये! इचार, इचार अजून!"

मी विचारलं नाही. बुधाबाईनं माझ्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच, आणि मी विचारण्याची वाटही न बघता पुढचं म्हणाली, "हिवरदऱ्याला. फाट्यावर उभी असंल."

अर्ध्या तासात डॉक्टर, मॅडम, निमकर सगळे वॉर्डात. हौसामावशी ज्याला-त्याला तेच सांगत होत्या. मॅडमनी सगळ्यांदेखत मला जवळ घेतलं. त्या क्षणी मी स्वतःला काय समजावलं ते सांगते, कारण तिथंच माझं सगळं फसलं. मी म्हटलं, ती बोलली ना? नऊ वर्षांनी बोलली. माझ्या तोंडून देवानंच तिचं खरं वदवलं असेल. नाहीतर मला तरी त्या दिवशी नेमकी तीच मुलगी का आठवावी? माणसाला सुटायचं असलं की त्याला देव फार लवकर सापडतो. मॅडमना काही सांगायची आता गरज उरली नाही, असं मी ठरवलं आणि त्या दिवशी दोन्ही वेळा पोटभर जेवले.

चौथ्या आठवड्यात, गुरुवारी, वेणू आली.

एकटीच आली होती. गावच्या नव्या पोलीस पाटलाची चिठ्ठी होती तिच्याकडे, हिची आई बारा वर्षांपूर्वी हरवली आणि ही तिची सख्खी मुलगी, अशी. आजीनं वाढवलेली, आजीही मागल्या वर्षी गेलेली. बापानं दुसरं घर केलेलं. ती तालुक्याच्या गावी अंगणवाडीत मदतनीस होती आणि एक खोली घेऊन राहत होती. एकोणीस वर्षांची पोर, अंगावर इस्त्रीचं साधं पातळ, हातात कापडी पिशवी. फाट्यावरची ती मुलगी मला तिच्या चेहऱ्यात कुठेच ओळखू आली नाही. तिनंही मला ओळखायचं कारण नव्हतं.

निमकरांच्या खोलीत बुधाबाईला आणून खुर्चीवर बसवलं. वेणू समोर. बराच वेळ ती नुसती बघत राहिली. कपाळ बघितलं, हात बघितले, कानाच्या पाळ्या बघितल्या. बुधाबाईची मान खाली आणि बोटं रिकामी, मांडीवर नसलेला कापूस वळत असलेली.

"काय बाई, ओळख पटते का?" निमकरांनी विचारलं.

वेणूनं मांडीवरची पिशवी जवळ ओढली.

"सात वर्षांची होतीस तू तेव्हा. तुला कसं आठवणार," निमकर म्हणाले आणि त्यांनी पंचाईत झाल्यासारखं मॅडमकडे पाहिलं. "फोटो वगैरे काही नाही ना?"

"न्हाई."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "शालन, ती तुझ्याशी बोलते. तू विचार."

खोलीत पंखा चालू होता. दारात हौसामावशी उभ्या. मी विचारलं तर काय उत्तर येणार ते मला पाठ होतं. सगळ्या खोलीत ते मला एकटीलाच ठाऊक होतं. मी गप्प बसले असते तर वेणू नाही म्हणून परत गेली असती, बुधाबाई वॉर्डात गेली असती, आणि माझी वही खोटी ठरली असती. एवढं सगळं मला त्या वेळी लख्ख दिसत होतं. नंतर सुचलं असं मी म्हणणार नाही.

"बुधाबाई," मी म्हणाले, "घरी कोण आहे तुमचं?"

"माझी वेणू हाय."

समोरची पोर खुर्चीवर हलली.

"कुठं असते वेणू?"

"हिवरदऱ्याला. फाट्यावर उभी असंल."

"तिला... तिला काही निरोप द्यायचाय?"

"सांगा तिला, मी येते."

वेणूनं तोंडावर पिशवी धरली आणि ती इतकी रडली, इतकी रडली, की निमकरही खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मग तिनं उठून बुधाबाईच्या पायांवर डोकं ठेवलं. "माय," म्हणाली. मॅडमनी डोळे पुसत निमकरांना सांगितलं, "कागद करा."

कागदांना दोन दिवस लागले. शनिवारी आमचीही शेवटची पाळी होती. दुपारी आम्ही परत जाणार होतो आणि त्याच सकाळी बुधाबाई जाणार होती. हौसामावशींनी तिच्यासाठी आपल्या घरचं एक हिरवं पातळ आणलं होतं. मी तिला न्हाऊ घातलं, तेल लावून वेणी घातली. ती शांत होती. मी तिच्याशी काही बोललेच नाही, कारण मी बोलले की ती उत्तर देईल याची मला भीती वाटायची.

"वाटंत पोळी-भाजी नको का?" म्हणत हौसामावशी आल्या आणि त्यांनी बुधाबाईच्या हातात एक स्टीलचा डबा दिला. "धर गं. आत्ता भरून आणते सैपाकघरातनं, पिशवी घिऊन येते आधी." त्या बाहेर गेल्या.

बुधाबाईनं डबा हातात फिरवला. झाकण काढलं. आत पाहिलं. रिकामा होता. आणि तिचा चेहरा, नऊ वर्षांत ज्याच्यावर कुणी काही पाहिलं नव्हतं तो चेहरा, एकदम घाईत असलेल्या बाईचा झाला. तिनं दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"यशवंताचा डबा भराचा राह्यला ना वं," ती म्हणाली. "घंटी होऊन गेली शाळेची."

हा आवाज घोगरा नव्हता. मोकळा होता, स्वयंपाकघरात उभ्या बाईचा. आणि बोली आमच्याकडची नव्हती. होस्टेलात माझ्या खोलीत अकोल्याची एक मुलगी होती, दिवसभर हे 'वं' माझ्या कानावर पडायचं. भराचा, राह्यला. वऱ्हाडातली होती ती बाई. हिवरदऱ्यापासून दोन दिवसांच्या वाटेवरची. कुठेतरी तिचा यशवंत होता आणि तो उपाशी शाळेत गेला होता.

"कोण यशवंत?" मी विचारलं. "बुधाबाई, कुठली शाळा?"

ती बघत राहिली. मी बोलले होते, म्हणून तिनं उत्तर दिलं.

"माझी वेणू हाय," ती म्हणाली.

हौसामावशी पिशवी घेऊन आल्या, डबा घेऊन गेल्या आणि भरून आणला. मी फणी पुसून ठेवत होते. दोन वाक्यं होती. मॅडमच्या खोलीत जाऊन सांगायला एक मिनिट लागलं असतं. निमकरांनी पुढच्या टपालानं वऱ्हाडातल्या पोलीस ठाण्यांना लिहिलं असतं. मग त्यांनी विचारलं असतं, मग वेणू कोण, हिवरदरा कुठून आलं?

फाटकापर्यंत दोघींना पोहोचवायला मॅडमनी मलाच पाठवलं. "तुझाच मान आहे तो," म्हणाल्या. बाहेर लिंबाखाली रिक्षा उभी होती. बुधाबाईला आत बसवलं. वेणू पिशवी ठेवून मागे वळली, आणि माझ्याच्यानं राहवेना.

"वेणू, मला तुला काही सांगायचंय. ही..."

"मला ठाऊक आहे, ताई."

"काय ठाऊक आहे?"

तिनं रिक्षाकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. "माझी माय मुकी होती. जन्माचीच मुकी."

फाट्यावरच्या त्या मुलीबद्दल मावशीनं मला एवढं सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

"मग नेतेस कशाला हिला?"

"बारा वर्षं त्या फाट्यावर उभी होते मी," वेणू म्हणाली. "आजीबी मला पोरी म्हणायची. येते म्हणून कुणी निरोप दिला नाही मला कधी. ही कुठली कोण, मला माहीत नाही. पण ही माझं नाव घेती, ताई. हिला माझं नाव कुठनं कळलं, ते मी विचारत नाही. तुम्हीबी सांगू नका."

माझे डोळे भरून आले. खरं सांगायचं तर ते दुःखानं नव्हे, सुटल्याच्या आनंदानं भरले. मी हिला फसवलं नव्हतं. तिला सगळं माहीत होतं आणि तरी ती खुशीनं नेत होती. दोन एकट्या बायकांना घर मिळत होतं, मी कशाला मोडता घालू? आणि त्या आनंदात यशवंताचं नाव माझ्या जिभेवर येऊन परत खाली गेलं. रिक्षावाल्यानं हँडल मारलं. बुधाबाईनं मांडीवर डबा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. ती माझ्याकडे पाहत नव्हती, पुढच्या रस्त्याकडे पाहत होती.

मला नव्वद गुण पडले. मॅडमनी ती वही पुढच्या बॅचच्या मुलींना नमुना म्हणून दाखवली, आणि परीक्षा झाल्यावर मला पोस्टानं परत पाठवली.

पुढे मीही ट्यूटर झाले. मुलींना मनोरुग्णालयात नेते, वह्या तपासते. एखादीनं पानभर 'रुग्ण बोलली नाही' असं लिहिलं की तिला मी पैकीच्या पैकी देते. मुलींना वाटतं बाईंचं डोकं फिरलंय. डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज मात्र मला सहन होत नाही. जेवायच्या सुट्टीत स्टाफरूममध्ये सगळ्या डबे उघडतात तेव्हा मी बाहेर जाऊन उभी राहते. त्यांना वाटतं, मला उपासतापास फार.

वऱ्हाडात मी दोनदा गेले. कुणाला काय विचारणार? यशवंत नावाचा मुलगा, एकदा डबा न घेता शाळेत गेलेला. तो आता चाळिशीचा असेल. आई कुठं गेली म्हणून तोही कुठल्या तरी फाट्यावर उभा राहिला असेल, आणि रोज येऊन उभा राहायचा तेव्हा कुणी सुट्टीतल्या पाहुणीनं त्याला पाहिलंही असेल.

त्या शनिवारनंतर चौदा वर्षांनी वेणूचं पत्र आलं. मनोरुग्णालयाच्या पत्त्यावर आलेलं, तिथून मॅडमच्या घरी, तिथून माझ्याकडे. अक्षर गोल, अंगणवाडीच्या बाईंचं.

'शालनताईंना नमस्कार,' तिनं लिहिलं होतं. 'माय मागल्या सोमवारी गेली. त्रास झाला नाही. चौदा वर्षं माझ्याजवळ सुखात होती. माझं लग्न झालं, पोरगा झाला, त्याला तिनंच वाढवलं. बोलायची कमी, पण पोराचा शाळेचा डबा रोज तीच भरायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. कधीकधी दोन डबे भरायची. मी म्हणायचे, माय, पोरगा एकच आहे आपल्याला. शेवटचे तीन दिवस मात्र ती एकसारखी बोलत होती. माझं नाव एकदाबी घेतलं नाही. यशवंत, यशवंत करत गेली. ताई, हा यशवंत कोण? त्याला कळवायला पाहिजे होतं. पाणी त्याच्या हातचं पाहिजे होतं. तुम्ही तिचं सगळं बोलणं वहीत लिहून घेतलं होतं, असं निमकर साहेब म्हणाले होते. वही असली तर बघून तेवढं कळवा.'

वही होती. कपाटात वरच्या कप्प्यात, खाकी कव्हर घातलेली. ती काढायला मी स्टुलावर चढलेही नाही. पोस्टकार्ड घेतलं आणि खूप वेळानं त्यावर एक ओळ लिहिली. 'वेणू, वहीत यशवंत नाही.'

त्या वहीबद्दल मी आजवर लिहिलेलं तेवढंच एक खरं वाक्य.